३१५ बोअरची कैफियत

२०२० सालच्या डिसेंबरात करमाळा तालुक्यातील वस्त्यांवर जी भीती उतरली होती, तिचा विसर त्या भागातील माणसांना अद्याप पडलेला नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यालगत ऊस आणि केळी यांचे जे घनदाट रान धरण झाल्यापासून उभे राहिले आहे, त्यात शिरलेल्या एका नरभक्षक बिबट्याने थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने तीन जीव घेतले. ऊसतोड थांबली, रात्रपाळीचे पाणी देणे थांबले, पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मनाई झाली. आणि अखेर वनखात्याच्या रीतसर हुकुमान्वये त्याच महिन्याच्या १८ तारखेस, वांगी परिसरात, अकलूजचे डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो बिबट्या पडला. हे प्रकरण निवले खरे, परंतु माझ्यापुरता त्याचा एक शेपूट-प्रश्न शिल्लक राहिला. माझी हयात सोलापुरात मास्तरकी करण्यात आणि शाळेच्या छात्रसेनेतील मुलांना पॉइंट टू-टू रायफलीने नेम धरावयास शिकविण्यात गेली असल्यामुळे, आता शेतीवाडीत स्थिरावलेले माझे जुने छात्र, लग्नाकार्यात किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत भेटले म्हणजे, कुशल विचारून झाल्यावर आवाज किंचित खाली आणून विचारू लागले, की सर, एखादी रायफल घ्यायची म्हटली तर कोणती घ्यावी, आणि कमीत कमी किती पैशांत भागेल?

या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देण्याचे धाडस मी कधी केले नाही. कारण ज्या देशांत बंदूक हा बाजारात जाऊन आणावयाचा जिन्नस आहे त्या देशांतील उत्तर येथे लागू पडत नाही, आणि येथील उत्तर द्यावयाचे तर निम्मे बंदुकीविषयी व निम्मे कायद्याविषयी द्यावे लागते. तथापि अलीकडे तरुण मंडळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशी चित्रफिती पाहून 'स्काउट रायफल' हा शब्द बरोबर घेऊन येतात, म्हणून प्रारंभ तेथूनच करणे सोयीचे.

ही कल्पना जेफ कूपर या अमेरिकन गृहस्थांची. मरीन दलातून लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेल्या आणि पुढे अॅरिझोना संस्थानात 'गनसाइट' नावाची शस्त्रशाळा काढलेल्या या माणसाने १९८३ साली आपल्यासारख्याच काही जाणत्या मंडळींची बैठक बोलावून असा विचार मांडला, की सैन्याच्या पुढे एकटा चालणारा जो टेहळ्या, आपल्या इतिहासातील बहिर्जी नाइकाच्या जातकुळीचा जो मनुष्य, त्याच्या खांद्यावर दिवसभर ओझे न होता राहील आणि प्रसंग पडलाच तर एका गोळीत काम उरकील अशी एकच एक रायफल असावयास हवी. तिची एकूण लांबी एक मीटरच्या आत असावी, वजन, पट्टा आणि दुर्बिणीसकट, तीन किलोच्या आसपास, फार तर साडेतीन, काडतूस .३०८ विंचेस्टर, जे दोनशे किलो वजनाच्या जनावरापर्यंत पुरते. दुर्बीण दोन-अडीच पटींचीच, आणि तीही डोळ्याला भिडलेली नव्हे तर पुढे नळीवर बसविलेली, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून आजूबाजूचे रान दिसत असतानाच नेम धरता यावा. दुर्बीण फुटली तर खाली नेम धरण्याची साधी माशी शाबूत असावी. आणि पट्टा असा असावा की तो नुसता खांद्याला अडकविण्यापुरता न राहता दंडाला वेढा घालून हात स्थिर करण्याच्या कामी यावा. १९९८ च्या सुमारास ऑस्ट्रियातील श्टायर या कारखान्याने कूपरांच्या देखरेखीखाली अशी रायफल बाजारात आणली. ती उत्तम होती आणि महागही होती, त्यामुळे जुनी लष्करी रायफल स्वस्तात घ्यावयाची, तिची नळी कापावयाची, दस्ता तासावयाचा, पुढे दुर्बीण चढवावयाची आणि काटकसरीत स्काउट तयार करावयाची असा एक उद्योगच तिकडच्या हौशी लोकांत सुरू झाला.

या काटकसरीच्या उद्योगात आपल्या देशाचाही एक विलक्षण वाटा आहे. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने १९६० च्या दशकात इंग्रजी फौजेच्या जुन्या ली-एन्फिल्ड रायफलीच्या घाटावर ७.६२ मिलिमीटरची एक लष्करी रायफल बनविली होती. ती पुढे मोडीत निघून परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती गेली, आणि अमेरिकेत अल्प खर्चात स्काउट बनविणाऱ्यांची ती मोठी आवडती ठरली. म्हणजे अमेरिकेतील गुराखी ज्या ईशापुरी रायफलीची नळी कापून मिरवितो, ती करमाळ्याच्या शेतकऱ्यास जवळ बाळगण्याची परवानगी नाही. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची, अथवा त्या मापाचे लष्करी काडतूस ज्या नळीत बसून उडू शकते अशी कोणतीही रायफल आपल्या शस्त्रनियमांत निषिद्ध वर्गात मोडते, आणि कूपरसाहेबांचे .३०८ हे त्या ७.६२ चे सख्खे भावंड असल्यामुळे, स्काउटच्या व्याख्येतील पहिलीच अट सोलापुरात गुन्हा ठरते. नळी कापण्याचे म्हणाल, तर शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ६ प्रमाणे परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करणे हाही अपराधच आहे. माझ्या एका छात्राने गावातल्या लेथवाल्याशी त्या कामाचा दरसुद्धा ठरवून ठेवला होता. मी त्याला हे कलम वाचून दाखविले तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत कॉपी पकडली गेली त्यावेळी झाला होता तसाच झाला.

मग आपल्याकडे उरते काय? उरते ती ३१५ बोअर, आणि तिची कैफियत ऐकण्यासारखी आहे.

१८५७ नंतर इंग्रजांच्या मनातून हिंदी माणसाच्या हातातील शस्त्राची धास्ती कधी गेली नाही. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने सर्वसाधारण प्रजा निःशस्त्र झालीच होती. त्यापुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सरकारला असे वाटू लागले, की शिकारीच्या परवान्यावरची रायफल आणि पलटणीतली रायफल यांचे काडतूस एकच असेल तर कोठारातून चोरलेले काडतूस उद्या बंडखोराच्या बंदुकीत जाईल. म्हणून लष्करी मापे खासगी माणसाला बंद झाली, आणि विलायतेतील कारखानदारांनी, विशेषतः बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.ने, त्याच ली-एन्फिल्डचा सांगाडा कायम ठेवून त्यात ३१५ बोअरची नळी घातली. हे ३१५ म्हणजे वस्तुतः ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस. हिंदुस्थानातील कोणत्याही पलटणीत ते नसल्यामुळे सरकारला ते निरुपद्रवी वाटले. मानलिखरच्या रायफली ज्या गावी घडल्या ते गाव श्टायर, आणि शतकभरानंतर कूपरांची स्काउट जेथे घडली तेही श्टायरच. स्वातंत्र्य आले, साहेब गेला, १९५९ चा नवा कायदा होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, परंतु लष्करी माप प्रजेला नको ही जुनी सावधगिरी नव्या दफ्तरात जशीच्या तशी उतरली, ईशापूरने बी.एस.ए.चीच ३१५ पुढे चालू ठेवली, आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या, १८६९ सालच्या खडकी कारखान्यातून येत राहिली. जुन्या काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' ही जी मोहर दिसते ती खडकीची. आज हे कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांच्या नावावर चढले आहेत. पण बंदूक तीच आहे.

आता या ३१५ ला कूपरांच्या मापपट्टीवर ठेवून पाहावे. तिची नळी सुमारे २२ इंचांची, त्यामुळे एकूण लांबी मीटरपेक्षा फार तर वीतभरच जास्त. वजन साडेतीन किलोच्या आतबाहेर. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे. गोळी जड, बोथट, नाकाशी शिसे उघडे असलेली, जी लांबवर भराभर खाली येते, पण शे-दीडशे मीटरच्या आत रानडुकराच्या आकारमानाच्या जनावराला पुरून उरते. शिवाय ली-एन्फिल्डचा बोल्ट हा जगातील अत्यंत सुलभ चालणाऱ्या बोल्टांपैकी एक आहे. बोल्ट म्हणजे दाराच्या अडसरासारखी एक दांडी: ती वर उचलून मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते, खाली पाडली की कुलूप बसते. ही सारी हालचाल माणसाच्या हाताने होत असल्यामुळे एका गोळीनंतर दुसरी गोळी सुटण्यापूर्वी विचाराला जागा राहते, आणि बिघडण्यासारखे भागही मोजकेच असतात. आपोआप भरणाऱ्या बंदुकांपैकी बहुतेक तर आपल्याकडे निषिद्धच आहेत. तेव्हा कूपरांनी जे गुण मोठ्या बैठका घेऊन ठरविले, त्यांतील निम्म्याहून अधिक गुण कोणाही विद्वानाने मागितले नसताना या कारकुनी इतिहासाच्या अपत्यात आलेले आहेत. .३०-०६ हे अधिक जोरकस आणि कायद्याने मोकळे मापही ईशापूरने काढले, परंतु त्याचा धक्का मोठा, पल्ला नको तितका दूर. सपाट मुलखात मी त्याची शिफारस करणार नाही.

कूपरांच्या विचारातील एक गोष्ट मात्र मला त्यांच्या देशापेक्षा आपल्या देशात अधिक चपखल वाटते. 'सर्व कामांना मिळून एक रायफल' हा आग्रह त्यांनी अशा समाजात धरला जेथे एकेका घरी दहा-दहा बंदुका सुखाने नांदतात. तेथे तो वैराग्याचा उपदेश होता. आपल्याकडे शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. म्हणजे येथे टंचाई पैशाची आहे त्यापेक्षा परवान्यावरील जागेची अधिक आहे. आजोबांची दुनळी वारसाहक्काने घरात आली असेल तर एकच जागा शिल्लक. ती एकदा भरली की भरली. परदेशातून मागवावे म्हटले तर सामान्य माणसाला आयात अनेक वर्षांपासून बंद असल्यामुळे जुन्या विलायती रायफलींना हौशी लोक अवाच्या सवा किंमत देतात. ज्याला काटकसर करावयाची आहे त्याने विलायती नावाच्या मोहात पडू नये.

आणि रायफल हवीच का, हा प्रश्न मी प्रत्येकास प्रथम विचारतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ ची रचना नीट वाचली तर त्यात एक शहाणी पायरी-पायरी दिसते. पीकसंरक्षणासाठी पहिली पायरी ठासणीच्या बंदुकीची. ती पुरणार नाही अशी खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावाकरिता बंदूक. आणि बाकी सर्वांना, ३१५ सकट, 'सबळ कारण' दाखवावे लागेल. गुळगुळीत नळीच्या बारा बोअर बंदुकीचे छर्रे थोड्याच अंतरावर दम तोडतात. रायफलीची गोळी मैल-दीड मैल जाऊनही जीव घेऊ शकते. कोकणात डोंगर आडवा असतो, साताऱ्याकडे टेकाड असते. आपल्या सोलापूरच्या माळावर गोळी अडविणारे काय आहे? ज्वारीच्या ताटांमागे खुरपणाऱ्या बाया असतात, उसामागे टोळीची कोपी असते, केळीमागे पाटावर धुणे धुणारी कोणाची तरी सून असते. वस्तीच्या राखणीसाठी बारा बोअर आणि 'शक्तिमान' छापाची काडतुसे एवढ्यावर नव्वदांपैकी ऐंशी लोकांचे काम भागते, हे मी माझ्या छात्रांना नाराज करून सांगत आलो आहे.

तरीही ज्याचे कारण खरोखर सबळ आहे, आणि ज्याला जुन्यातलीच ३१५ घ्यावयाची आहे, त्याच्यासाठी एक प्रसंग सांगतो. माढ्याकडच्या एका माजी छात्राच्या वस्तीवर मी गेलो असता त्याने माजघरातून सोलापुरी चादरीत गुंडाळलेले एक लांबोळके आणून बाजेवर ठेवले आणि मोठ्या अभिमानाने घडी उलगडली. "आजोबांच्या येळची हाय सर. अजून कंपनीचं पॉलिश गेलं न्हाई." पॉलिश खरोखर गेले नव्हते. मी प्रथम मॅगझिन काढून घेतले, बोल्ट मागे ओढून नळीत काही नाही याची बोट घालून खात्री केली, आणि मग बोल्ट संपूर्ण बाहेर काढून, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरून पुढून आत डोकावलो. निरोगी नळीत पिळाच्या खाचा दांडगटपणे उठून दिसतात, उसाच्या चरकातल्या दात्यांसारख्या. येथे त्या तोंडाकडच्या चार बोटे भागात विरघळल्यासारख्या झाल्या होत्या आणि मधोमध एक तांबूस कडे होते. बाहेरून उचलून पाहिले तर चादरीची घडी ज्या ज्या जागी घट्ट बसत होती तेथे तेथे लोखंडावर गंजाची बारीक पुरळ उठलेली. सोलापूरची चादर जगात नावाजलेली असली तरी सुती कापड हवेतला आणि हातातला दमटपणा धरून ठेवते. बंदूक गुंडाळून ठेवण्यासारखा दुसरा घातक लाड नाही. तिला हलके तेल लावून, कुलपाच्या कपाटात, उघडी उभी ठेवावी.

मग मी त्याला बोल्टच्या दांडीच्या मुळाशी कोरलेला क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक ताडून पाहावयास लावले. हे दोन आकडे निराळे निघाले तर समजावे की बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा आहे. ली-एन्फिल्डच्या बोल्टचे डोके निरनिराळ्या लांबीचे येते आणि ते त्या त्या नळीशी जुळवून बसविलेले असते, ती जुळणी चुकली की काडतुसाचे बूड आधाराविना राहून टरफल फाटण्याचा धोका. त्याचे आकडे जुळले. नंतर सरावाची रिकामी काडतुसे मॅगझिनमध्ये भरून दाखविताना त्याने पहिलीच चूक केली: ३१५ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे अडकली की बोल्ट पुढे जात नाही, कितीही दणका द्या. प्रत्येक काडतूस घालताना त्याची कड खालच्याच्या पुढे राहील अशी सरकवावी लागते. "आजोबा असं दोन बोटांनी पुढं लोटायचे," तो एकाएकी म्हणाला, "मला वाटायचं ती त्यांची सवय हाय." नळीच्या तोंडाविषयी मी त्याला सांगितले, की रायफल तुझी आहे, ती विकत घेतली असतीस तर मी घेऊ दिली नसती. परवानाधारक विक्रेत्याकडून जुनी घेताना एवढी तपासणी करण्यास जो हरकत घेईल, त्याच्या दुकानाच्या पायऱ्या उतरून यावे.

सामानसरंजामाकडे वळू. तरुणांचा पहिला हट्ट दुर्बिणीचा असतो. ली-एन्फिल्डचा माथा दुर्बीण बसविण्याच्या हिशेबाने घडविलेला नाही. बोल्टची वाट उघडी असल्यामुळे वर बैठक बसवावयाची तर परवानाधारक कारागिराकडून पोलादात भोके पाडून घ्यावी लागतात, आणि ती रेसभर तिरकी पडली तरी बंदूक जन्माची वाकडी होते. पुढे नळीवर, कूपरांच्या पद्धतीने, चढवावयाची तयार बैठक येथील बाजारात सहसा मिळत नाही. शंभर मीटरच्या आतील कामासाठी चांगल्या डोळ्याच्या माणसाला साधी खाच आणि माशी पुरते. माशीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला की झुंजूमुंजूच्या उजेडातही ती सापडते, आणि त्याला खर्च येतो एका काडीचा. गोळीचा आवाज दाबणारी नळकांडी सिनेमात शोभतात; कायद्याने ती निषिद्ध वर्गात आहेत.

पट्ट्यावर मात्र पैसे खर्च करावेत. कमावलेल्या कातड्याचा, दोन बोटे रुंद, ज्याची लांबी कमीजास्त करता येते असा पट्टा गावातला चांगला चर्मकार सहज करून देतो. तो डाव्या दंडाच्या वरच्या भागाभोवती एक वेढा घेऊन, मनगटाच्या बाहेरून आणून, तळहाताने दस्त्याचा पुढचा भाग धरला म्हणजे पट्टा ताणला जातो आणि नळीचे डुलणे थांबते. बसून वा पालथे पडून नेम धरणाऱ्याला याचा उपयोग दुर्बिणीपेक्षा अधिक होतो, हे मी शेकडो मुलांच्या लक्ष्यपत्रांवर पाहिलेले आहे. त्याखेरीज नळी साफ करण्याची सळई किंवा पलटणीत ज्याला पुलथ्रू म्हणतात ती वजन बांधलेली दोरी, सुती चिंध्या, तेलाची लहान बाटली, खांद्याच्या बाजूस रबराची गादी, कानांवर आवाज अडविणारी आवरणे आणि डोळ्यांना साधा चष्मा. यात दोन-चार हजारांच्या वर जाण्याचे कारण नाही. गोळी झाडल्या दिवशीच नळी पुसावी. उद्यावर टाकलेली नळी पावसाळ्यात परवा गंजते.

उरलेला सर्व पैसा काडतुसांत आणि सरावात जावा. परवान्यावर एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घ्यावयाची याचा आकडा लिहिलेला असतो, आणि बहुतेक परवानाधारक तो आकडाही संपवीत नाहीत. पाच काडतुसे विकत घेऊन ती वर्षानुवर्षे देवघराच्या फडताळात जपणारे लोक मला माहीत आहेत. नेम हा धरून ठेवण्याने येत नसतो. त्यासाठी रायफल क्लबाचे सभासद होऊन, स्वस्त काडतुसाच्या पॉइंट टू-टूवर, किंवा ज्याला परवाना लागत नाही अशा .१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंत जोर असलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर बोट, श्वास आणि डोळा यांची शिस्त बसवावी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळविले ते याच पॉइंट टू-टूने, ५० मीटरवर. त्याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली तीही याच मापावर. मराठी माणसाच्या रायफलीचा खरा पराक्रम आजमितीस लक्ष्यपत्रावर आहे, आणि कूपरांचे जे चार सुरक्षानियम जगभर शिकविले जातात तेही तेथेच अंगी भिनतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच मानावी, ज्याचा नाश करावयाचा नाही त्याकडे नळी फिरवू नये, नेम बसेपर्यंत चापावर बोट नेऊ नये, आणि लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय, याची खात्री असावी. चौथा नियम सपाट माळावरच्या माणसाने दोनदा पाठ करावा.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढून टाकला पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बिबट्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा; पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. करमाळ्याच्या त्या प्रसंगीही प्रथम हुकूम निघाला आणि मग गोळी सुटली. ज्याने क्रम उलटा केला त्याची रायफल पंचनाम्यात जमा होते, आणि मागोमाग तोही.

अर्जाची तजवीज करताना सोलापूर शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तालयाकडे, तालुक्यात राहणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावे. वय २१ पूर्ण हवे. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतर पोलीस चौकशी, आणि बारनिशीतून टेबल, टेबलावरून बारनिशी असा कागदाचा प्रवास. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. पावती जपून ठेवावी.

आणि सोलापूरकरांसाठी एक जादा गोष्ट, जी परदेशी चित्रफितीत कोणी सांगणार नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले. ते एका कुंपणात नसून उत्तर सोलापूर, माढा, करमाळा अशा तालुक्यांतील माळरानांत विखुरलेले आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ अन्वये कोणत्याही अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. तेव्हा कोणती रायफल, कोणता पट्टा, किती पैसे, हे सर्व ठरविण्यापूर्वी तलाठ्याकडून गटाचा नकाशा घ्यावा, आणि आपल्या वस्तीपासून माळढोकाच्या हद्दीचे अंतर मोजून पाहावे.